पॉइंटच्या जागी मॉड्यूल

आपल्याकडे ट्रक म्हटला की तो डिझेलचाच. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारताच पेटतं. त्यामुळे टाटा-लेलँडच्या गाड्यांवर हयात घालवलेल्या मिस्त्रीचा कॉइल, पॉइंट, प्लग यांच्याशी संबंध येतो तो बहुधा कुणाच्या तरी जुन्या फियाटमुळे, नाहीतर पेट्रोल जीपमुळे. पण ट्रक कायमच डिझेलवर चालत नव्हते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. तिथून बाहेर पडणारे शेव्हरोले ट्रक पेट्रोलचे होते. 1954 मध्ये टाटांनी डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत आपले रस्ते डिझेलचे झाले.

अमेरिकेत पेट्रोलचे ट्रक टिकले, विशेषतः उघड्या हौद्याची हलकी पिकअप. शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत प्रत्येकाच्या दारात ती असायची. फोर्डची एफ-100 ही त्यातली फार ओळखीची गाडी; हे नाव 1953 पासून 1983 पर्यंत चाललं. 1965 पासून तिच्यात 240 आणि 300 घनइंचांची, सहा सिलिंडर एका रांगेत असलेली इंजिनं मिळू लागली. त्यातलं मोठं, म्हणजे 4.9 लिटरचं 300, फोर्डने 1996 पर्यंत बनवलं. सात मेन बेअरिंग आणि टायमिंगच्या साखळीऐवजी थेट एकमेकांत अडकणारे गिअर, अशी त्याची भक्कम बांधणी. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या कितीतरी गाड्या आजही कामावर आहेत. 1974 पर्यंतच्या या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं की आत सीबी पॉइंट दिसतात, आणि अशी गाडी हाती आलेला माणूस सर्वांत आधी हे पॉइंट काढून बाजारातली इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायच्या मागे लागतो. ते काम नीट कसं करायचं आणि ते बहुतेक वेळा कुठे फसतं, ते इथे पाहू. गाडी अमेरिकेची असली तरी जे समजेल ते पद्मिनीला, ॲम्बॅसिडरला आणि महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपलाही लागू पडेल, कारण या सगळ्यांची मूळ मांडणी एकच आहे.

ती मांडणी चार्ल्स केटरिंग यांची. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात त्यांनी 1909 मध्ये डेल्को ही कंपनी काढली आणि त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली. दोन वर्षांनी, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये, त्यांचाच सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. केटरिंग यांची इग्निशन इतकी साधी होती की पुढची साठेक वर्षं तिला कुणी हलवू शकलं नाही.

तिचं काम असं चालतं. पॉइंट म्हणजे एक स्विच. तो मिटलेला असताना बॅटरीचा करंट कॉइलमधल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो, साधारण 4 अँपिअर, आणि कॉइलच्या गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरतो, त्यावरच्या सहाकोनी कॅमचा एक कोन पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. करंट तुटतो, चुंबकक्षेत्र एकदम कोसळतं. त्या कोसळण्यातून जाड वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो आणि शंभरेक पट जास्त वेढे असलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब निर्माण होतो. तो दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात येतो, रोटर त्याला पाळीप्रमाणे एकेका प्लगकडे पाठवतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर दोन कामं करतो. उघडणाऱ्या पॉइंटमध्ये जाळ होऊ देत नाही, आणि करंट झटकन तुटायला मदत करतो. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळसर, मरगळलेली होते.

आता वेगाचा हिशोब पाहा. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात तीन ठिणग्या लागतात. मिनिटाला 3000 फेरे असतील तर 9000 ठिणग्या, म्हणजे सेकंदाला 150. एका ठिणगीच्या वाट्याला जेमतेम 6.7 मिलिसेकंद येतात. त्यातले चारेक मिलिसेकंद पॉइंट मिटलेले राहतात आणि तेवढ्यात कॉइल भरून घ्यायची. एक लोखंडी पट्टी, एक स्प्रिंग आणि टंगस्टनच्या दोन टिकल्या हे काम तासन्‌तास करत राहतात, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण झीज चुकत नाही. फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, त्यामुळे पॉइंटमधली फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि टायमिंग मागे जातं. दुसरीकडे टिकल्यांमधला धातू एका बाजूने उडून दुसऱ्या बाजूला चिकटतो. एकीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा येतो, आणि मग फिलर गेजने मोजलेली फट खरी राहत नाही. मालकाला हे सगळं जाणवतं ते असं: पिकअप कमी झाला, पेट्रोल जास्त जायला लागलं, थंडीत सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, चढावर गाडी मिसिंग करते. काही हजार मैलांनी पॉलिश पेपर मारून फट पुन्हा लावायची, नाहीतर नवे पॉइंट घालायचे. गाडीवाल्यांनी हे नेमाने केलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

इलाज आला तो धुरामुळे. अमेरिकेच्या 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. 1975 च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. कन्व्हर्टरला मिसिंग अजिबात चालत नाही. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटलं की तो अतोनात तापून निकामी होतो. धूर हजारो मैल मर्यादेत राहायला हवा असेल तर दर काही महिन्यांनी बिघडणारा स्विच कंपन्यांना परवडणारा नव्हता. क्रायस्लरने 1973 पर्यंत आपल्या सगळ्या अमेरिकी मोटारींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली. जनरल मोटर्सची एचईआय आणि फोर्डची प्रणाली 1975 च्या सुमारास सर्रास झाली. कारखान्यात पॉइंट बंद झाले, पण रस्त्यावर पॉइंटच्या लाखो गाड्या उरल्या होत्या, आणि बाजारात मिळणारी किट त्यांच्यासाठी होती.

या किटमध्ये आज सर्वांत जास्त चालणारा प्रकार म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतच मावणारं मॉड्यूल. पर्ट्रॉनिक्स कंपनीचा इग्नायटर हा त्याचा नमुना. पाकिटातून निघतं काय? अंगठ्याएवढं काळं मॉड्यूल पत्र्याच्या प्लेटवर बसवलेलं, लाल आणि काळी अशा दोन वायरी, आणि प्लास्टिकचं एक कडं. त्या कड्यात सहा सिलिंडरसाठी सहा छोटी चुंबकं पुरलेली असतात. कडं कॅमवर बसतं, दांड्याबरोबर फिरतं, आणि प्रत्येक चुंबक समोरून गेलं की मॉड्यूलमधला सेन्सर ते ओळखतो. या सेन्सरमागचं तत्त्व फार जुनं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने 1879 मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला आणि वर्ख चुंबकात धरला, तेव्हा करंटच्या आडव्या दिशेला त्याला किंचित व्होल्टेज सापडलं. तोच हॉल परिणाम आज या मॉड्यूलच्या सेन्सरमध्ये काम करतो. सेन्सरने इशारा दिला की ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट तोडतो. घासणारं काही नाही, जळणारं काही नाही, फट लावायची गरज नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण बहुतेक फसलेल्या जोडण्यांचं मूळ तीच विसरण्यात असतं. किट फक्त स्विच बदलतं. कॉइल जुनीच राहते, वायरी जुन्याच राहतात, डिस्ट्रिब्युटरचा दांडा, बुश, ॲडव्हान्सची वजनं, सगळं जुनं राहतं. म्हणून गाडी मिसिंग करते म्हणून किट घालणं हा उलटा क्रम झाला. आधी गाडी पॉइंटवर नीट चालवून घ्यावी आणि मगच पॉइंट काढावेत. हा माझा आग्रह आहे आणि त्यामागे साधा हिशोब आहे. पॉइंटवर ठीक चालणारी गाडी किट घातल्यावर चालली नाही, तर दोष नव्या जोडणीत आहे हे नक्की. आधीपासूनच बिघडलेल्या गाडीत किट घातलं तर दोष जुना की नवा, हे शोधण्यात दिवस जातात आणि शेवटी चांगलं मॉड्यूल उगाच परत पाठवलं जातं.

तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, झाकण आणि रोटर बाजूला ठेवून, डिस्ट्रिब्युटरची तपासणी करायची. दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहायचा. खेळ जाणवला तर बुश गेले आहेत, आणि प्रत्येक ठिणगीची वेळ थोडी इकडेतिकडे होणार. चुंबकाच्या सेन्सरला हा खेळ पॉइंटपेक्षा कमी बाधतो हे खरं, तरी बुश बदलणंच बरं. मग रोटर परत बसवून तो दांड्याच्या फिरण्याच्या दिशेने हलका पिळायचा आणि सोडायचा. तो स्प्रिंगसारखा मागे यायला हवा. अडकून राहिला तर आतली ॲडव्हान्सची वजनं गंजाने किंवा वाळलेल्या ग्रीसने जाम झाली आहेत, म्हणजे वेग वाढला तरी ठिणगी पुढे सरकणार नाही. जगातलं कुठलंही मॉड्यूल हा दोष काढू शकत नाही. शेवटी व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढायची. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटला आहे.

पॉइंट आणि कंडेन्सर काढताना बारीक स्क्रूंकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. एखादा स्क्रू प्लेटच्या फटीतून खाली पडला तर तो ॲडव्हान्सच्या वजनांत अडकतो, आणि मग सगळा डिस्ट्रिब्युटर बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नाही. चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणि भोकांवर चिंधी, एवढी काळजी पुरते. प्लेट मोकळी झाली की तिथे एक बारीक, विणलेली तांब्याची वायर दिसते. तिचं एक टोक हलत्या प्लेटला आणि दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला असतं. व्हॅक्यूममुळे प्लेट पुढेमागे होते, तेव्हा अर्थिंग तुटू नये म्हणून ही वायर असते. पन्नास वर्षांत तिचे धागे तुटून एखाददुसरा उरलेला असतो. पॉइंट तेवढ्यावर कसेबसे भागवत होते. मॉड्यूल भागवत नाही. मॉड्यूलची अर्थ याच प्लेटमधून जाते. गाडी उभी असताना छान चालते आणि ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी ही वायर पाहावी. मी तर जोडणी करतानाच ती नवी घालायला सांगेन.

प्लेट पुसून, जिथे मॉड्यूल टेकणार तिथला गंज खरवडून, मॉड्यूल पॉइंटच्याच भोकांत बसतं. चुंबकाचं कडं कॅमवर सरकवून, कॅमचे कोन कड्याच्या आतल्या कोनांशी जुळवून, शेवटपर्यंत दाबायचं. मग रोटर. तो नीट खाली बसला नाही, तर कडं पूर्ण बसलेलं नाही असं समजावं. दोन्ही वायरी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या भोकातून रबरी गाळ्यासह बाहेर काढायच्या. आत त्यांना थोडी ढील हवी, म्हणजे प्लेट सरकताना वायर ताणली जाणार नाही, आणि इतकीही ढील नको की ती फिरणाऱ्या कड्याला घासेल. इथवरचं काम अर्ध्या तासाचं.

खरं काम पुढे आहे, आणि ते वायरींचं आहे. काळी वायर कॉइलच्या निगेटिव्हला आणि लाल पॉझिटिव्हला, एवढंच किटच्या कागदावर ठळक छापलेलं असतं. दोन्ही उलट लागल्या तर मॉड्यूल जळतं, हेही छापलेलं असतं. पण लाल वायरला पूर्ण 12 व्होल्ट हवेत, आणि त्या काळच्या फोर्डमध्ये कॉइलच्या पॉझिटिव्हला पूर्ण 12 व्होल्ट मिळतच नाहीत. चावीपासून कॉइलपर्यंत फोर्डने एक गुलाबी वायर नेली आहे. दिसायला साधी, पण ती रोधाची वायर आहे; तिचा रोध सुमारे दीड ओहम. कॉइलचा रोधही तेवढाच. दोन्ही मिळून तीनेक ओहम, 12 व्होल्टला 4 अँपिअर, आणि कॉइलच्या वाट्याला येतात सहा-सात व्होल्ट. फोर्डने हे मुद्दाम केलं होतं. पॉइंटमधून जास्त करंट गेला तर ते लवकर जळतात, म्हणून चालत्या गाडीत कॉइलला कमी व्होल्टेज. आणि सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, तेव्हा ठिणगी जोरदार हवी, म्हणून स्टार्टर रिलेच्या एका छोट्या टर्मिनलवरून तपकिरी वायर थेट कॉइलला. सेल्फ फिरत असतो तेवढाच वेळ ती रोध टाळून पूर्ण करंट देते. इतकी विचारपूर्वक केलेली रचना क्वचित दिसते.

आता मल्टिमीटर हातात घेतलेला माणूस फसतो तो इथे. चावी चालू करून तो कॉइलच्या पॉझिटिव्हवर मीटर लावतो, मीटर 12 व्होल्ट दाखवतो, आणि तो ठरवतो की या गाडीत रोधाची वायर नाहीच. पण त्या क्षणी पॉइंट उघडे असतील तर करंट वाहतच नाही. करंट नाही तर रोधावर व्होल्टेज पडणार कसं? ओहमचा नियम इथे शब्दशः लागू आहे. पॉइंट मिटले आहेत याची खात्री करून, किंवा कॉइलचं निगेटिव्ह टर्मिनल क्षणभर अर्थला जोडून, मग मोजावं. आकडा निम्म्यावर आला की रोध आहे. या एका मोजणीने पुढचे कितीतरी घोळ टळतात.

मग लाल वायर कुठे लावायची? एक मार्ग म्हणजे मूळ कॉइल आणि गुलाबी वायर तशीच ठेवून लाल वायरला रोधाच्या आधीचा करंट द्यायचा. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: 3 ओहमची कॉइल घ्यायची, जिला बाहेरचा रोध लागत नाही, आणि चार पिनांचा साधा रिले लावायचा. कॉइलवरून सोडवलेली गुलाबी वायर रिलेच्या 86 पिनला, 85 अर्थला, 30 बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूजमधून, आणि 87 वरून कॉइलला आणि मॉड्यूलच्या लाल वायरला पूर्ण 12 व्होल्ट. गुलाबी वायरमध्ये दीड ओहमचा रोध असून रिले ओढेल का, अशी शंका येते. बिनधास्त ओढतो. रिलेच्या गुंडाळीचा रोध ऐंशी-नव्वद ओहम, म्हणजे करंट जेमतेम 0.15 अँपिअर आणि रोधावर पडणारं व्होल्टेज पाव व्होल्टसुद्धा नाही. पन्नास वर्षांच्या इग्निशन स्विचवरचा भारही याने हलका होतो.

तपकिरी वायर मात्र विसरायची नाही. तीही गुलाबीबरोबर 86 पिनलाच जोडायची. या गाड्यांत चावी स्टार्टच्या जागेवर असताना गुलाबी वायरचा करंट तुटतो आणि सगळी मदार तपकिरीवर असते. ती सुटली तर एक चमत्कारिक लक्षण दिसतं: सेल्फ कितीही मारा, इंजिन पकडत नाही, आणि चावी सोडतानाच्या निमिषात पकडल्यासारखं होतं. असं झालं की लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात.

अर्थिंगकडे दुर्लक्ष ही दुसरी नेहमीची चूक. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावावं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. आकडा शून्याच्या जवळ राहिला तर उत्तम. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर ब्लॉकपासून बॅटरीपर्यंतच्या केबलची टोकं गंजली आहेत. वायरींचे जोड पिळून टेप लावून करू नयेत. क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. प्लगच्या वायरी तांब्याच्या घन तारेच्या असतील तर बदलाव्या लागतात. त्यांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटात सेन्सर गोंधळतो. रोध असलेल्या सप्रेशन वायरी चालतात. प्लगची फट 0.035 इंच, म्हणजे 0.9 मिलिमीटर असेल, तर जोरदार कॉइलबरोबर ती 1.1 मिलिमीटरपर्यंत वाढवता येते. त्याहून जास्त वाढवण्यात अर्थ नाही, कारण मग दाब झाकणात आणि रोटरमध्ये वाट शोधायला लागतो.

इंजिन सुरू झालं म्हणजे काम झालं, असं नाही. चुंबकाचं कडं आणि पॉइंटची टाच एकाच कोनाला इशारा देत नाहीत, त्यामुळे टायमिंग बदललेलं असतंच. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरीला लावायची आणि आयडलिंगवर मॅन्युअलमधल्या अंशावर खूण आणायची. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 आहे आणि रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. वायरी काढल्या असतील तर झाकणावर आकडे लिहून ठेवलेले बरे. लाइटवर विश्वास ठेवण्याआधी एक तपासणी हवी. खूण असते क्रँकपुढच्या डॅम्परच्या बाहेरच्या कड्यावर, आणि ते कडं आतल्या भागाला रबराने जोडलेलं असतं. जुनं रबर सुटून कडं सरकलं, तर खूण खोटी ठरते आणि कितीही काळजीने लावलेलं टायमिंग चुकीचं असतं. पहिल्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर लावून, क्रँक दोन्ही बाजूंनी हळूहळू टेकेपर्यंत फिरवून दोन खुणा करायच्या. खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा, त्यांच्या बरोबर मध्ये असतो. तो कड्यावरच्या शून्याशी जुळला तर खूण खरी. सगळं लावून झाल्यावर माल भरलेल्या गाडीने चढ चढून पाहावा. नॉकिंग ऐकू आलं तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यावं.

इथे अपेक्षांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. नीट लावलेल्या नव्या पॉइंटच्या तुलनेत अशा किटने इंजिनाची ताकद वाढल्याचं जाणवणार नाही. थंड इंजिन लवकर पकडतं, आयडलिंग स्थिर होतं, आणि मुख्य म्हणजे आज लावलेलं टायमिंग वर्षभराने तेच असतं. कामाच्या ट्रकला याहून जास्त काय हवं?

ज्यांना जास्त जोराची ठिणगी हवी ते दुसऱ्या प्रकाराकडे वळतात. एमएसडीचा 6ए हा लाल डबा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. याचं तत्त्व वेगळं आहे. कॉइलमध्ये हळूहळू चुंबकक्षेत्र भरण्याऐवजी डब्यातला सर्किट बॅटरीच्या 12 व्होल्टचे चारशेहून अधिक व्होल्ट करून कपॅसिटरमध्ये साठवतो आणि ठिणगीच्या क्षणी सगळा साठा एकदम कॉइलमध्ये ओततो. अशी ठिणगी कडक असते पण क्षणभराची, म्हणून कमी वेगात, साधारण 3000 फेऱ्यांपर्यंत, डबा एकेका सिलिंडरला लागोपाठ अनेक ठिणग्या देतो. खराब मिश्रणावर चालणाऱ्या किंवा थोडं तेल खाणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनाला याचा खरोखर फायदा होतो. जोडणीत दोन नियम कडक आहेत. डब्याची जाड लाल आणि जाड काळी वायर थेट बॅटरीला जातात. आणि कॉइलला डब्याच्या नारिंगी आणि काळ्या वायरीशिवाय दुसरं काहीही जोडायचं नाही. जुनी गुलाबी वायर नाही, कंडेन्सर नाही, मीटर नाही. डब्याच्या चालू स्थितीत त्या दोन वायरींमधला दाब माणसाला गंभीर इजा करू शकतो, म्हणून चावी चालू असताना तिथे हात लावायचा नाही. या डब्याची एक सोय मला फार आवडते. त्याच्या पांढऱ्या वायरीला गाडीचे जुने पॉइंटच जोडता येतात. मग पॉइंट फक्त इशारा देतात, कॉइलचा 4 अँपिअरचा भार त्यांच्यावर येत नाही आणि टिकल्या जळणं जवळजवळ थांबतं. फायबरची टाच तेवढी झिजत राहते.

तिसरा मार्गही आहे: फोर्डच्याच पुढच्या वर्षांच्या 300 इंजिनाचा ड्युरास्पार्क डिस्ट्रिब्युटर आणि त्याचं मॉड्यूल जुन्या इंजिनाला लावणं. इंजिनाचं कूळ एकच असल्याने डिस्ट्रिब्युटर जागेवर बसतो आणि सुटे भाग दुकानात मिळतात. वायरिंग मात्र जास्त करावं लागतं.

पॉइंट झिजतात तसं आधीपासून कुरकुरून सांगतात. पिकअप कमी होतो, मिसिंग वाढतं, तरी गाडी घरापर्यंत येते. रस्त्याच्या कडेला नखाच्या कानशीने टिकल्या घासून पुढे गेलेल्या गाड्या असंख्य आहेत. मॉड्यूल जातं ते एकदम, आणि बहुधा उन्हाळ्यात, तापलेल्या बॉनेटखाली. त्याला मारणारी दोन कारणं टाळता येण्यासारखी आहेत. एक, इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडणं. रेडिओ ऐकत बसलेल्या माणसाला कळतही नाही की कॉइल आणि मॉड्यूलमधून सतत करंट जातो आहे आणि दोन्ही तापत आहेत. दुसरं, कमी रोधाची कॉइल. पहिल्या पिढीच्या मॉड्यूलला सहा सिलिंडरच्या इंजिनात एकूण 3 ओहमच्या आसपास रोध हवा. ‘जास्त पॉवरची’ म्हणून अर्ध्या ओहमची कॉइल लावली तर करंट झेपत नाही. कॉइल घेण्याआधी तिचा रोध मीटरने मोजावा, डब्यावरच्या चित्रावर विसंबू नये.

म्हणून काढलेले पॉइंट फेकायचे नाहीत. चांगल्या स्थितीतला एक संच, कंडेन्सर, प्लेटचे स्क्रू, फिलर गेज आणि छोटा स्क्रूड्रायव्हर एका पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. मॉड्यूल रस्त्यात गेलं तर कडं काढून पॉइंट बसवायचे, 0.027 इंचाच्या आसपास फट लावायची, काळ्या वायरीच्या जागी पॉइंटची वायर जोडायची, आणि गाडी घरी येते. 3 ओहमच्या कॉइलवर पॉइंट व्यवस्थित चालतात. रिलेचा मार्ग मला पसंत असण्याचं हेही एक कारण.

गुलाबी वायर वापरात राहिली नाही तरी मुळातून कापू नये. टोकाला स्लीव्ह चढवून जुन्या वायरींबरोबर बांधून ठेवावी, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद लॅमिनेट करून चिकटवावा: किटचा नंबर, कॉइलचा रोध, रिले आणि फ्यूजची जागा, कुठली वायर कुठे गेली, टायमिंग किती अंशांवर लावलं, आणि तारीख. अशा ट्रकांचे मालक बदलतात आणि मिस्त्रीही बदलतात. पुढच्या माणसाने बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न हाच पडणार की कॉइलला येणारं व्होल्टेज 12 आहे की 7, आणि त्याचं उत्तर त्याला मीटर काढण्याआधी मिळायला हवं.